झरीच्या टाकीचा दसरा

"आजी, तुमच्या धंद्यातले काही अनुभव लिहून द्याल का?" असं या अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं आणि लगेच स्वतःच शंका काढली, "पण माशांच्या दुकानात अनुभव काय येणार म्हणा! मासे काही बोलत नाहीत."

म्हटलं, बाळा, मासे बोलत नाहीत म्हणून तर माझं दुकान तीस वर्षं चाललं. ते बोलते, तर त्यांनी माझ्याबद्दल जे सांगितलं असतं त्यानं पहिल्याच वर्षी शटर ओढावं लागलं असतं.

परभणीत स्टेशनकडच्या रस्त्यावर माझं शोभेच्या माशांचं दुकान होतं. अजून आहे, पण आता लेक बघते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तिच्या गिऱ्हाइकांना टोमणे मारते. आमचे हे पाटबंधारे खात्यात, बरीच वर्षं येलदरीला. धरणावर असताना मासा मी फक्त ताटात पाहिलेला. पुढं परभणीला आलो तेव्हा मी बांगड्यांचं आणि भेटवस्तूंचं दुकान टाकलं. एकदा हैदराबादहून माल आणताना हौसेनं काचेची दोन भांडी आणि सहा सोनेरी मासे आणले. मासे आठवड्यात खपले, बांगड्या तशाच राहिल्या. झालं, मी मासेवाली झाले.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अंक पुरणार नाही. एकजण विकलेला मासा पिशवीत घालून परत घेऊन आला. का, तर "काकू, ह्यो आमच्याकडं बघतच न्हाई." मी विचारलं, "टाकी कुठं ठिवली?" म्हणाला, "टीव्हीच्या बाजूला." म्हटलं, "मंग तुमी तरी त्याच्याकडं बघायलाव का?" मासा घेऊन निमूट गेला.

पण मोठी टाकी घेणारं प्रत्येक गिऱ्हाईक एक प्रश्न हमखास विचारतं, आणि त्याच प्रश्नानं मला जन्माची अद्दल घडवली. प्रश्न असा: "काकू, कॅनिस्टर लावू का सम्प करू?"

ज्यांना मासे म्हटलं की फक्त कालवण आठवतं त्यांच्यासाठी सांगते. टाकीतलं पाणी सतत गाळत राहावं लागतं. लहान टाकीला एक छोटासा फिल्टर आत सोडला की भागतं. टाकी पाच-सहा फुटी असली की गाळायची सोय बाहेर करावी लागते. कॅनिस्टर म्हणजे झाकण घट्ट बसणारा एक डबा, पाण्याच्या जारएवढा. टाकीखालच्या कपाटात ठेवायचा. एका नळीनं पाणी आत जातं, आतल्या स्पंजातून आणि चिनी मातीच्या कड्यांमधून फिरतं, दुसऱ्या नळीनं वर येतं. आवाज नाही, सांडलवंड नाही. सम्प म्हणजे त्याच कपाटात ठेवलेली दुसरी, उघडी टाकी. वरचं पाणी आपोआप खाली पडतं, खणाखणातून स्पंज, दगड, कड्या ओलांडत जातं आणि शेवटच्या खणातली मोटार ते वर चढवते.

खोट दोन्हींत आहे आणि दोन्हींची परीक्षा आपल्याकडं लाईट घेते. लाईट पाच-सहा तास गेली की कॅनिस्टरच्या बंद डब्यातलं पाणी आंबतं आणि लाईट आली की ती सगळी घाण टाकीत येते. सम्प उघडा असतो, त्याला हवा मिळते, तो आंबत नाही. पण लाईट गेली की मोटारीच्या नळीतून वरचं पाणी उलटं खाली यायला लागतं. त्या नळीला वर एक बारीक भोक पाडलेलं असेल तर हवा शिरून ते थांबतं. नसेल तर खालची टाकी भरून वाहते.

हे भोक पाडायचं मी माझ्या पहिल्याच सम्पात विसरले. गिऱ्हाईक होते एक वकील. भारनियमनाची वेळ झाली, लाईट गेली आणि वरचं पाणी खाली, खालचं बैठकीत. पक्षकारांच्या फायली सतरंजीवरून तरंगत निघाल्या. वकील शांत माणूस, एवढंच म्हणाले, "बाई, ह्यातला एक पक्षकार बी पाण्याच्याच भांडणाचा हाय."

तेव्हा मी पंचेचाळिशीची होते आणि मला सगळं येत होतं. आता सत्तरी आली, तेव्हा त्यातलं निम्मं येतं. शब्दकोश मांडीवर घेऊन एक जाडजूड इंग्रजी कॅटलॉग वाचला होता आणि त्यातला सम्प माझ्या डोक्यात बसला होता. भोक पाडायला शिकल्यावर तर विचारूच नका. कुणी लग्नाची पत्रिका द्यायला आलं तरी मी सम्पाचे फायदे सांगायची.

ऐकलं नाही ते फक्त हमीद सरांनी. चित्रकलेचे मास्तर, निवृत्त झालेले. पाच फुटी टाकी आणि तिला एक नाही, दोन कॅनिस्टर. मी म्हटलं, "सर, एका चहाला दोन स्टो कामून पेटवायलाव? सम्प करा."

"भाभी, ते पानी झरझर पडलं की माझं नमाजीत ध्यान लागत न्हाई."

"मंग एक डबा बास की."

"दोन पायजेत. दोन्ही एका दिवशी कधी उघडायचे न्हाईत. एकाला धुतलं की दुसरा जागा ऱ्हातो."

मी जिन्यावरून उतरताना हसले होते, आणि त्यांना ऐकू जाईल असं हसले होते. शिवाय दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले की हमीद सर चार-चार महिने डबा उघडत नाहीत, आत काय पिकत असेल देव जाणे.

त्याच वर्षी झरीच्या बापूरावांनी नवीन घर बांधलं. चाळीस एकराचे मालक, हौशी माणूस. बैठकीच्या भिंतीत सहा फुटी टाकी बसवायची ठरली. मी सम्प बसवला, मोटार इन्व्हर्टरवर घेतली आणि टाकीत ऑस्कर जातीचे पाच मासे सोडले. हा मासा वीतभर वाढतो, माणूस ओळखतो आणि हातातून खातो. बापूरावांकडं तर ओल्या रानातली ताजी गांडुळं, त्यामुळं पाचही जण वर्षभरात पैलवान झाले.

टाकी बसवली त्या दिवशी बापूरावांच्या बायको, रुक्मिणबाई, यांनी मला विचारलं होतं, "बाई, हे खालचं साफ कसं करायचं?" आणि मी कंबरेवर हात ठेवून उत्तर दिलं होतं, "उगडायचं, काढायचं, लख्ख धुवायचं, परत ठिवायचं. तुमच्या मोरीइतकं सोपं हाय. डब्यासारखी भानगड न्हाई."

त्या वाक्यावर मी किती खूश होते म्हणून सांगू!

आता आमच्याकडची एक रीत सांगते. घट बसायच्या आधी घरोघर दसरा काढतात. म्हणजे घरातली एकूण एक वस्तू धुवायची. गोधड्या, वाकळा, डबे, पितळेची भांडी, देव्हारा, पाट, चाळण्या, सगळं अंगणात येतं आणि पाण्यातून निघतं. माझ्या सासूबाई तर कुलपंसुद्धा धुवायच्या. नव्या सुनेचा पहिला दसरा म्हणजे तिची परीक्षाच. आणि टाकी बसवल्याच्या पुढच्या वर्षी बापूरावांकडं नवी सून होती, सविता. नवरा पुण्याला नोकरीला, घटाला येणार होता. ही दोन महिन्यांपासून सासरी.

घट बसायला तीन दिवस राहिले होते. बापूरावांचा फोन आला, "ताई, लवकर या. मासं उलथायलेत."

मी गेले. पाचातला एक आदल्या दिवशीच मेला होता, लिंबाखाली पुरला होता. उरलेले चार पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, अंगं काळी पडलेली. मी कपाटाचं दार उघडलं. सम्पातले स्पंज नव्यासारखे, दगड पांढरे, कड्या तर दात घासून आल्यासारख्या चमकत होत्या. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात घासून, दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात वाळवून, सगळं परत जागच्या जागी रचून ठेवलं होतं. खरं सांगते, इतका सुरेख धुतलेला सम्प मी परत पाहिला नाही.

दगड स्वच्छ झाले आणि मासे का मेले, असं तुम्हाला वाटेल. माशाच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया तयार होतो. ते विष. ते खाऊन टाकणारे बारीक जंतू स्पंजावरच्या, कड्यांवरच्या त्या बुळबुळीत तपकिरी थरात राहतात. फिल्टर म्हणजे त्यांचं घर. तो थर हळूच टाकीच्याच पाण्यात हिसळायचा असतो, तोही थोडा थोडा. सवितानं सोडा लावून सगळ्यांना एकदम मारलं होतं. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन मी औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं ते पाणी गडद हिरवं झालं. विष टिच्चून भरलेलं.

बापूराव म्हणाले, "सूनबाईनं दसऱ्यात सगळं धुतलं, आन् तिसऱ्या दिसापासून हे असं. त्यानंच झालं का वो ताई?"

सविता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. रुक्मिणबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. बैठकीत भावकीतल्या दोन बायकाही येऊन बसल्या होत्या, मासे बघायला नव्हे, सून बघायला.

मी म्हणाले, "हो. धुवायला नको होतं."

एवढंच म्हणाले. वाक्य खरं होतं आणि मी त्याच्या आड लपले. 'धुवा असं मीच सांगितलं होतं' हे पुढचं वाक्य जिभेवर होतं, पण परभणीतली सगळ्यात हुशार मासेवाली चारचौघांत ते बोलणार कशी?

भावकीतली एक म्हणालीच, "घटाच्या तोंडावर घरातलं जितराब मेलं. औंदा घटाची माती हिच्या हातून नको, बापूराव." दुसरीनं मान हलवली. बापूराव 'बघू' म्हणाले, आणि ते 'बघू' म्हणजे होकारच होता. पहिल्या वर्षीच्या सुनेला घटात धान्य पेरू दिलं नाही, ही गोष्ट झरीत पुढं किती वर्षं सांगितली गेली असती ते मला चांगलं ठाऊक होतं. सविता आत गेली. मी तिसरा हिस्सा पाणी बदलायला लावलं, खाणं बंद ठेवायला सांगितलं, "उद्या येते" म्हटलं आणि पळ काढला. पळच तो.

परतीच्या जीपमध्ये मला माझंच वाक्य ऐकू येत होतं. मोरीइतकं सोपं हाय. घरी जेवायला बसले आणि ताट तसंच बाजूला सारलं. आमचे हे म्हणाले, "पोट बिघडलंय का?" म्हटलं, "तोंड बिघडलंय. एक वर्षाखाली."

पाणी बदलून एखादा दिवस निघाला असता, पण नवे जंतू आपोआप वाढायला महिना लागतो. तोवर चौघंही गेले असते. जिवंत, जुना, बुळबुळीत फिल्टर कुठून तरी आणायला हवा होता. दुकानातले माझे फिल्टर लहान, चार पैलवानांना काय पुरणार? परभणीत तेव्हा एकच माणूस असा होता ज्याच्याकडं एकाऐवजी दोन होते.

सकाळीच हमीद सरांचा जिना चढले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला बसवलं, चहा मागवला.

"सर, चहा राहू द्या, मासे मरायलेत."

"चहा येईपर्यंत डबा उघडतो ना. पण आधी एक गोष्ट. किती जुनी घाण पायजे म्हणालात?"

"जितकी जुनी तितकी बरी."

"साडेचार महिने झाले. तुमी जी गावभर सांगत होता, तीच." मग हळूच म्हणाले, "आता म्हणा भाभी, कॅनिस्टर वाईट न्हाई."

"वाईट न्हाई."

"दोन असलेले बरे."

"बरे, सर, बरे! तुमच्या पाया पडते."

"पाया नका पडू, ती बकेट धरा."

त्यांनी एका कॅनिस्टरमधले सगळे स्पंज आणि कड्या त्यांच्याच टाकीच्या पाण्यात, उघड्या बादलीत काढून दिल्या. बंद डबा तसाच नेला असता तर जंतू वाटेतच गुदमरले असते. त्यांची टाकी दुसऱ्या डब्यावर तरून राहणार होती. बादलीत सेलवरचा हवेचा पंप सोडून मी जिंतूरकडं जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसले. बादली मांडीवर, पाणी हिंदकळून माझ्या लुगड्यावर. शेजारचा बाप्या नाक दाबून म्हणाला, "काय हाय वो बकेटात?"

"औषध हाय."

"कुनाला पाजायचंय? पाप लागंल."

झरीला पोचले तर बैठकीत तीच मंडळी, फक्त भावकीतल्या दोनच्या चार झालेल्या. मासे चारही होते, पण एक आडवा व्हायला लागला होता. मी आधी कपाटासमोर बसकण मारली आणि हमीद सरांचे स्पंज, कड्या सम्पाच्या पहिल्या दोन खणांत नीट लावल्या. सविता जवळ येऊन वाकून बघत होती.

"काकू, हे तर लयच घाण हाय."

"ह्याच घाणीत जीव हाय. जुन्या टाकीतले जंतू नव्यात सोडायलेय. हळूहळू वाढतील."

ती क्षणभर विचार करून म्हणाली, "म्हंजी इरजनच की. आपल्या घरचं संपलं की शेजारून मागून आनतो तसं."

तीस वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलेलं नाही. कॅटलॉगात तर नव्हतंच. त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि मग मला गप्प बसवेना. कपाटाला धरून उठले, गुडघ्याला स्पंजातला गाळ, आणि म्हणाले, "बापूराव, ह्यात सविताचं काई चुकलं न्हाई. उगडा, काढा, लख्ख धुवा, असं मीच सांगितलं होतं ह्या घरात. चूक माझी हाय. काल बोलायला पायजे होतं, माझी जीभ उचलली न्हाई."

बापूराव माझ्याकडं बघतच राहिले. आता हा माणूस टाकी भिंतीतून उपटून माझ्या डोक्यावर घालतो, असं मला वाटलं.

तेवढ्यात रुक्मिणबाई बोलल्या. "मला कालच म्हाईत होतं." सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. "ह्या बाईनं सांगितलेलं मीच ऐकलं होतं. आन् सविता तर न्हाई म्हनत होती, 'आत्याबाई, पान्यातल्या वस्तूला सोडा कशाला?' मीच म्हनले, दसऱ्याला घरात एक वस्तू बिनधुतलेली ऱ्हाऊ द्यायची न्हाई. सोड्याचं पुडकं बी मीच दिलं तिच्या हातात."

"मंग काल कामून बोलली न्हाईस?" बापूराव.

"ह्या बाई बोलतील म्हनून वाट बघत होते."

"आन् मी तुमची," मी म्हणाले. खोटं होतं, पण त्या वेळी साथ द्यावीशी वाटली.

सविता एकदा सासूकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. पदर डोक्यावरून खाली आलेला तिच्या ध्यानातही नव्हता. "म्हंजी दोघींला बी म्हाईत होतं," ती म्हणाली, "मंग मी दोन दिवस कशापायी रडायले?"

भावकीतली एक बाई फिस्सकन हसली आणि मग तोंडाला पदर लावून सगळ्याच हसल्या. बापूराव सोडून. ते घसा साफ करून म्हणाले, "घटाची माती..."

"माती तिच्याच हातची," रुक्मिणबाई म्हणाल्या. "कुनाला बोलायचं तर मला बोला."

एवढ्यात लाईट गेली. टाकीची मोटार इन्व्हर्टरवर चालू राहिली, पण बोअर बंद, आणि मला अजून निम्मं पाणी बदलायचं होतं. अंगणातल्या हौदातून हातानं आणायचं होतं. बापूराव उठायला लागले.

"मामा, तुमी बसा," सविता म्हणाली. तिनं कोपऱ्यातल्या दोन बादल्या उचलल्या, एक सासूच्या हातात दिली, एक माझ्या. "आत्याबाई, तुमी. काकू, तुमी. दहा-दहा खेपा. मी मोजायले."

आणि तिनं खरंच मोजल्या. सातव्या खेपेला रुक्मिणबाई म्हणाल्या, "बाई, तुमचा तो डबाच घेतला असता तर बरं झालं असतं." म्हटलं, "डबा असता तर तुमी तो बी धुतला असता." पाठ मोडून आली होती, पण छातीवरचा धोंडा उतरला होता. कालची जीप आठवली आणि त्यापेक्षा या बादल्या हलक्या वाटल्या.

एक मासा गेला, ते मनात राहिलंच आहे. त्याचं खापर माझ्याच डोक्यावर. त्या दिवसापासून मोठ्या टाकीच्या गिऱ्हाइकाला मी आधी टाकीची लांबी विचारत नाही. लाईट किती तास जाते, दुपारी घरात कोण असतं आणि दसरा कोण काढतं, हे विचारते. मग ठरवते सम्प का कॅनिस्टर. जमलं तर दोन कॅनिस्टर सांगते, हमीद सरांचं नाव घेऊन. आणि काहीही दिलं तरी धुणारीला समोर बसवून धुवायला शिकवते. मालकाला शिकवून उपयोग नसतो.

पुढचे चार दिवस मी रोज झरीला जाऊन पाणी तपासत होते. नळीतला हिरवा रंग रोज थोडा फिका पडत होता. घट बसला, सवितानं पेरला. पाचव्या दिवशी मी दुकानात असताना तिचा फोन आला. आवाजात धाप होती, पळत येऊन केलेला फोन.

"काकू! मोठ्या माशानं गांडूळ घेतलं! माझ्या हातातनं घेतलं!"

"आन् बाकीचे?"

"ते बी खायलेत. आत्याबाई म्हनत्यात, बास कर, पोट फुटंल त्यांचं."

"ऐक त्यांचं," म्हटलं, "एवढ्या बाबतीत."

फोन ठेवला आणि मी गल्ल्यामागं एकटीच हसत बसले. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं, त्यानं घाबरून विचारलं, "काकू, काय झालं वो?"

म्हटलं, "काई न्हाई रे बाबा. सुटले."